कोकणात विस्टेरिया लावावी का? जांभळ्या वेलींची लागवड आणि त्यांची दुखणी

कोकणात विस्टेरिया लावली तर पानं भरपूर मिळतात, फुलं मात्र बहुधा मिळत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. दर वर्षी एप्रिल-मे उजाडला की जपानमधल्या जांभळ्या मांडवांचे फोटो मोबाईलवर येऊ लागतात आणि गावी नवीन घर बांधलेली, अंगण नुकतंच सारखं करून घेतलेली माणसं रोपवाटिकेत जाऊन पहिलं रोप हेच मागतात. काहीजण ऑनलाइन बी मागवतात. पाकिटावर चित्र विस्टेरियाचं असतं, आत काय आहे ते दोन वर्षांनी कळतं. आणि बी खरं निघालं तरी बियांपासून वाढवलेल्या विस्टेरियाला थंड मुलखातसुद्धा पहिलं फूल यायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात.

मांडवावरून लोंबणारे जांभळे घोस आपल्या दारात हवेत, ही इच्छा मात्र अगदी रास्त आहे आणि ती कोकणात पुरी होते. त्यासाठी वेल दुसरी निवडावी लागते. आणि एक सवय लावून घ्यावी लागते: झाड रुसलं की पानाकडे पाहण्याआधी आळ्याकडे पाहायचं. किनारपट्टीवरच्या वेलींची बहुतेक दुखणी मुळाशी किंवा वाऱ्यात सुरू होतात आणि पानावर दिसतात. फवारा शेवटी घ्यायचा.

विस्टेरिया इथे का फुलत नाही

चीन, जपान आणि अमेरिकेचा पूर्व भाग ही विस्टेरियाची माहेरं. तिन्हीकडे खरा हिवाळा असतो. तिथे पानं पूर्ण गळतात, उन्हाळ्यात आखूड फांद्यांवर तयार झालेल्या कळ्या थंडीत कित्येक आठवडे झोपून राहतात आणि वसंतात एकदम जाग्या होतात. ही झोप नीट झाली नाही तर फुलं धरत नाहीत. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही पारा सहसा १८-२० अंशांच्या आसपास असतो. आपल्याला गोधडी लागते, पण विस्टेरियाला ती थंडी वाटतच नाही. सिमला-मसुरीकडे ती फुलते, कारण तिथला हिवाळा तिला पुरतो.

जे फोटो आपण पाहतो त्यातले पुष्कळसे जपानच्या तोचिगी प्रांतातल्या आशिकागा इथल्या बागेचे असतात. तिथली मोठी वेल दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि त्या एकाच वेलीचा मांडव सुमारे १,००० चौरस मीटर आहे. म्हणजे जवळजवळ पाव एकर. तेवढं वय, तेवढी थंडी आणि तेवढी निगा एकत्र आल्यावर ते दृश्य दिसतं.

ज्यांचं घर हिमालयात आहे, किंवा ज्यांची मुलं अमेरिका-इंग्लंडात राहतात आणि ‘आमची वेल फुलत का नाही’ म्हणून इकडे फोन करून विचारतात, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोप कलमी किंवा छाटापासूनचं घ्या, ते तीन-चार वर्षांत फुलू शकतं. जागा पूर्ण उन्हाची हवी. विस्टेरिया शेंगवर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतः मिळवते. तिला वरून युरिया दिला की ती पानांतच रमते. छाटणी वर्षातून दोनदा: जुलै-ऑगस्टमध्ये लांब सुटलेले शेंडे पाच-सहा पानांवर, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याच फांद्या दोन-तीन डोळ्यांवर. शेंगा आणि बिया विषारी असतात. लहान मुलं आणि कुत्री असलेल्या घरात शेंगा धरल्या की तोडून टाका.

मग कोणती वेल लावायची

माझी पहिली पसंती निःसंशय पेट्रिया. मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका आणि त्याखालच्या उष्ण प्रदेशातली, त्यामुळे आपली हवा तिला परकी नाही. पान बोटाने चोळून पाहा, पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं; रोपवाटिकेत बिनफुलाचं रोप ओळखायची ही सोपी खूण. शिमग्याच्या आसपास ती पहिल्यांदा भरून फुलते आणि वर्षात पुन्हा एखाददुसरा बहर देते.

तिचा एक तुरा हातात घेऊन जवळून पाहाच. वीतभर देठावर फिक्या जांभळ्या रंगाच्या पाच-पाच टोकांच्या चांदण्या ओळीने लागलेल्या असतात. लांबून आपण ज्यांना पाकळ्या समजतो तो खरं तर निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण. खरं फूल प्रत्येक चांदणीच्या मधोमध असतं, गडद जांभळं, मखमली, लहानसं, आणि ते काही दिवसांतच गळतं. अंगणात सकाळी झाडू मारताना सापडतो तो हाच गडद सडा. चांदणी मात्र पुढे कित्येक आठवडे तुऱ्यावर टिकते, रंग उतरत उतरत राखाडी-हिरवी होते आणि वाळली की भिरभिरत खाली येते. म्हणूनच पेट्रियाचा बहर इतका लांबतो. नवख्याला वाटतं फुलं सुकली आणि तो तुरे कापून टाकतो. तसं करू नका, रंग पूर्ण जाईपर्यंत थांबा.

दुसरी लसूणवेल. पान चुरडलं की लसणाचा वास येतो, म्हणून हे नाव. फुलांचा मात्र त्रास होत नाही. पाऊस ओसरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास ही गुच्छांनी भरते. फूल उमलताना गडद जांभळं, मग फिकं, शेवटी पांढुरकं, त्यामुळे एकाच वेलीवर तीन छटा दिसतात. पेट्रियापेक्षा लवकर वाढते, छाटापासून सहज होते, नवख्या हाताला यश लवकर देते. जागा असेल तर दोन्ही लावा: एक दिवाळीला फुलेल, एक शिमग्याला.

थनबर्जियाची निळी फुलं सुरेख असतात, पण ती वेल फार आक्रमक आहे. आंब्या-काजूवर चढली तर दोन पावसाळ्यांत कलम झाकून टाकते. बागायतीला लागून तरी लावू नये. मधुमालती, कुसर, सायली, गोकर्ण या आपल्या नेहमीच्या वेली. त्या कमी निगेत येतात आणि खाली सांगितलेली लागवड व दुखणी त्यांनाही तशीच लागू पडतात.

जागा आणि खड्डा

इथे घाई करू नका. वेल पुढची वीस-तीस वर्षं त्याच जागी राहणार आहे.

पेट्रियाला किमान सहा तास ऊन हवं. माडांच्या विरळ सावलीत ती जगते, पण तुरे आखूड येतात. घराच्या पश्चिमेला थेट समुद्राकडचं मोकळं तोंड असेल तर ती जागा टाळा. दक्षिण किंवा पूर्व बाजू उत्तम. पागोळीखाली तर वेल कधीच लावू नका. जून ते सप्टेंबर कौलांवरून पडणाऱ्या धारा आळ्यातली माती उकरून नेतात आणि मुळं चार महिने पाण्यात ठेवतात. जोत्यापासून किमान तीन-चार फूट लांब जा. नवीन बांधकाम असेल तर आणखी लांब, कारण जोत्याच्या कडेला सिमेंट-चुन्याचा राडा पुरलेला असतो आणि तो मुळांना वर्षानुवर्षं त्रास देतो.

खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून ठेवा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. मळ्याच्या किंवा पुळणीच्या जमिनीत हे तासाभराचं काम. कातळावर मात्र पहार घेऊन दिवस जातो, आणि तिथेच खरा धोका असतो. जांभ्यात खणलेला खड्डा पावसाळ्यात टाकी होतो. वरून सगळं नीट दिसतं, पण खाली पाणी साचून मुळं कुजत असतात. म्हणून खड्ड्याची परीक्षा घ्या. संध्याकाळी तो काठोकाठ पाण्याने भरा. मे महिन्यात तहानलेला जांभा पहिलं पाणी शोषून घेतो, त्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा भरा आणि सकाळी पाहा. तळ मोकळा असेल तर ठीक. वीतभर पाणी उरलं असेल तर उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत चर काढा आणि त्यात चिऱ्याचे तुकडे भरा. चर काढणं शक्य नसेल तर खड्ड्याचा नाद सोडून द्या. चार बाजूंनी चिरे लावून दीड-दोन फूट उंचीचा ओटा करा आणि त्यात माती भरून वेल लावा. कातळावरच्या घरांना मी हाच सल्ला देते. कातळाशी झुंजण्यापेक्षा त्याच्या वर बसणं चांगलं.

कोकणात वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढ्या पाण्याने जमिनीतली विरघळणारी अन्नद्रव्यं धुऊन जातात आणि माती आम्लधर्मी होते. स्फुरद (फॉस्फरस) उरतो, पण जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतं, मुळांना देत नाही. म्हणून खत वरवर पसरून उपयोग नाही. दोन भाग वरची चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धा किलो करंज किंवा निंबोळी पेंड आणि दोन मुठी हाडांचा चुरा हे एकत्र कालवून खड्डा भरा. शेणखतासोबत गेलेला स्फुरद मातीला तितका अडकत नाही. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा त्याला शेणाचा वास आला तर ते अजून तयार नाही. वाळवी आणि हुमणी दोन्ही कच्च्या खतातून येतात.

चुना घालायचा की नाही, हे मात्र अंदाजाने ठरवू नका. माती तपासून घ्या. दापोलीला १९७२पासून असलेलं कोकण कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याजिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं याच कामासाठी आहेत. चार-पाच ठिकाणची सहा-आठ इंच खोलीची माती एकत्र करून, सावलीत वाळवून, अर्धा किलो पिशवीत भरून न्या.

मांडव

पेट्रिया लाकडी वेल आहे. पाच-सात वर्षांत तिचं खोड मनगटाएवढं होतं आणि पावसात भिजलेल्या पानांचं वजन वेगळंच. बांबूचा मांडव दोन-तीन पावसाळे टिकेल, मग ऐन बहरात बसेल. समुद्राजवळ लोखंडी पाईप गंजतो. वापरायचाच असेल तर गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि दर दोन वर्षांनी रंगवा. चिऱ्याचे किंवा सिमेंटचे खांब सगळ्यांत चांगले, वरती गॅल्व्हनाइज्ड तार. उंची आठ फुटांपेक्षा कमी नको, नाहीतर तुरे डोक्याला लागतात. भिंतीलगत चढवायची असेल तर तार आणि भिंत यांत फूटभर जागा सोडा. भिंतीला चिकटलेली पानं पावसाळाभर ओली राहतात आणि बुरशी तिथूनच येते. कौलांवर वेल जाऊ देऊ नका. कोवळा शेंडा कौलाच्या फटीत शिरतो, जाड होतो आणि कौल उचलतो. मग पहिल्याच पावसात घर गळतं. माकडांचा वावर असेल तर मांडव आणखी भक्कम करा, ती तारांवर उड्या मारतात.

लावणी

मिरगाला सगळं लावायचं ही आपल्याकडची रीत आहे आणि भाताला, माडाला ती योग्यच आहे. वेलीचं कोवळं रोप मात्र मी श्रावणात लावायला सांगते. आषाढातला सलग पाऊस दोन वीत उंचीच्या रोपाला झोडपतो, माती घट्ट बसवतो, मुळांना हवा मिळू देत नाही. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की जमीन ओली असते आणि उबदारही. दिवाळीपर्यंत रोपाला मुळं पसरायला दोन-अडीच महिने मिळतात.

रोप शक्यतो बहरात असताना निवडा, म्हणजे रंग डोळ्यांनी पाहून घेता येतो. पेट्रियात पांढराही प्रकार आहे. उंच, काडीसारखं वाढलेलं रोप घेण्यापेक्षा बुटकं आणि जाड खोडाचं घ्या. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आलेली असतील तर ते रोप फार दिवस पिशवीत अडकलं आहे असं समजा.

लावताना पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी चिरा. तळाशी गोल गोल फिरलेली मुळं असली तर बोटांनी सोडवा, न सुटणारी कापा. पिशवीत जितकं खोड मातीत होतं तितकंच इथेही मातीत जाऊ द्या. नंतर माती खचते, म्हणून रोप जमिनीपासून चार बोटं उंचावर राहील असं लावा आणि भोवती उतार द्या. पावसाळ्यात आळं खोलगट न ठेवता उंचवट्याचं ठेवायचं, आणि पाऊस संपल्यावर त्याचं खोलगट आळं करायचं. हे वर्षातून दोनदा करायचं काम आहे आणि वेलीचं निम्मं आरोग्य त्यावर आहे.

आधाराला काठी रोवा आणि खोड सुंभाने बांधा. गाठ काठीला घट्ट, खोडाला सैल. नायलॉनची दोरी वर्षभरात खोडात रुतते.

पहिली तीन वर्षं

पेट्रिया पहिल्या वर्षी जागची हलतच नाही असं वाटेल. ती खाली मुळं करत असते. खत वाढवून तिला घाई करू नका. दुसऱ्या पावसाळ्यात शेंडे सुटले की दोन जोमदार खोडं ठेवा, ती सरळ मांडवापर्यंत न्या आणि बाकीची बुडातून कापा. मांडवावर पोहोचल्यावर शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात. तुरे त्या बाजूच्या फांद्यांवर येतात.

पाणी ऑक्टोबरच्या उन्हापासून सुरू करा. आठवड्यातून दोनदा बादलीभर, आणि मार्चनंतर तीनदा. रोज थोडं थोडं शिंपलं तर मुळं वरच राहतात आणि मे महिन्यात भाजतात. आळ्यात भाताचा पेंढा, नारळाची सोडणं किंवा आंब्याचा पाला घाला, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. तीन वर्षांची झालेली पेट्रिया डिसेंबर-जानेवारीत थोडी तहानलेली ठेवावी. या काळात पाणी निम्म्यावर आणलं की ती पानांचा नाद सोडून तुऱ्यांकडे वळते. लहान रोपावर हा प्रयोग करू नका.

छाटणी फुलं संपल्यावर, म्हणजे पेट्रियाची एप्रिलअखेर आणि लसूणवेलीची बहर ओसरल्यावर. पावसाळ्याच्या शेवटी केलेली छाटणी येणारे तुरेच कापून टाकते.

दुखणी

पान पिवळं पडलं की पहिला प्रश्न: जुनं पान की नवं? जुलै-ऑगस्टमध्ये खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर आळ्यात काठी खुपसून पाहा. काठी चिखलाने भरून आली आणि कुबट वास आला तर मुळं गुदमरली आहेत. अशा वेळी खत देणं म्हणजे दुखणं वाढवणं. उताराच्या बाजूने चर फोडा, खोडाभोवतीचा पाला बाजूला करा, पाऊस उघडला की माती वरवर हलकी करा. मुळं तपकिरी आणि मऊ झाली असतील तर ती कापून टाका आणि शेणखतात मिसळलेली ट्रायकोडर्मा पावडर आळ्यात द्या. ही उपयोगी बुरशी आहे. तिच्याबरोबर त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशक ओतलं तर ती मरते.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. लाल मातीत लोह कमी कसं, असा प्रश्न पडेल. अशी वेल बहुतेक वेळा नव्या जोत्याच्या किंवा गडग्याच्या कडेला सापडते. सिमेंट-चुन्यामुळे तिथल्या मातीची आम्लता गेलेली असते आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. राडा उकरून काढा, चांगली माती आणि शेणखत भरा. तोवर चिलेटेड लोहाची फवारणी पाकिटावरच्या प्रमाणात चालेल.

पानांच्या कडा करपून तपकिरी होणं हे किनाऱ्याचं खास दुखणं. दोन कारणं असतात आणि ओळखायला सोपी आहेत. समुद्राकडच्या बाजूचीच पानं करपली असतील तर खारा वारा. संध्याकाळी गोड्या पाण्याने पानं धुवा आणि वाऱ्याच्या बाजूला सुरू, उंडी किंवा भेंडीच्या (भाजीची नव्हे, किनाऱ्यावरचं मोठं झाड) झाडांचा आडोसा करा. भिंत बांधून तितकं साधत नाही, वारा तिच्यावरून उलटून मागे आदळतो. झाडांतून तो गाळून येतो. वेलीच्या सगळ्या बाजूंची पानं करपत असतील तर विहिरीचं पाणी चाखून पाहा. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. आळ्यात मिठाचा पांढरा पापुद्रा दिसला तर खात्रीच झाली. त्या दोन महिन्यांपुरतं दुसरीकडचं गोडं पाणी आणून आठवड्यातून एकदा भरपूर द्या, म्हणजे क्षार मुळांखाली उतरतात. पहिल्या पावसात बाकीचे धुऊन जातात.

कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. आधी खोडावरून मुंग्यांची रांग जाते का पाहा. ढेकणांचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि त्या बदल्यात त्यांचे शत्रू हाकलतात, त्यांना एका फांदीवरून दुसरीकडेही नेतात. मुंग्यांचा रस्ता तोडला नाही तर कितीही फवारा, ढेकूण परत येतात. खोडाला फडका गुंडाळून त्यावर ग्रीस लावा आणि भिंतीला, गवताला टेकणाऱ्या फांद्या कापा. पुंजके पाण्याच्या जोरदार धारेने पाडा. मग लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा.

पानांवर काजळी धरली तर बोटाने पुसून पाहा. पुसली गेली तर ती चिकट्यावर वाढणारी बुरशी. आता वर पाहा. वेल आंब्याखाली असेल तर मोहोराच्या दिवसांत हा चिकटा आंब्यावरच्या तुडतुड्यांचा असतो, वरून ठिबकतो. वेलीवर औषध मारून काही होणार नाही. आंब्याचा बंदोबस्त करा आणि वेलीची पानं नुसती धुवा.

पावसाळ्यातले तपकिरी-काळे ठिपके बुरशीचे. दाट फांद्या विरळ केल्या, पडलेली पानं गोळा केली की निम्मं काम होतं. तरी आटोक्यात आलं नाही तर एक टक्का बोर्डो मिश्रण, जे आपल्याकडे सुपारीच्या कोळे रोगावर पिढ्यान् पिढ्या वापरतात. १० लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चांगला चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही. मग ढवळत ढवळत मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओता. मिश्रण आकाशी निळं होतं. आता एक स्वच्छ लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस लेप आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे आणि ते पानं जाळेल. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा सुरी बुडवा. पातं स्वच्छ निघालं की फवारा. मिश्रण त्याच दिवशी संपवा, हातमोजे घाला, विहिरीजवळ ओतू नका, आणि पाऊस किमान काही तास उघडीप देईल अशी वेळ साधा.

गोगलगायी कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात. मोठ्या आफ्रिकी गोगलगायी तर खोडाची सालही सोडत नाहीत. संध्याकाळी ओलं गोणपाट आणि पपईची पानं आळ्याजवळ ठेवा, पहाटे त्याखाली जमलेल्या चिमट्याने किंवा हातमोजे घालून उचला आणि घट्ट मिठाच्या पाण्यात टाका. आळ्यात मीठ टाकू नका, गोगलगाय मरेल आणि वेलही.

फूलच येत नाही

सगळ्यांत जास्त येणारी तक्रार हीच. क्रमाने तपासा. वेल तीन वर्षांपेक्षा लहान असेल तर थांबा. पानं मोठी, गडद हिरवी आणि शेंडे सुसाट असतील तर नत्र जास्त झालंय. बहुधा शेजारच्या माडाला दिलेला युरिया मुळांना मिळतोय किंवा सांडपाणी आळ्यात येतंय. ते बंद करा, सप्टेंबरअखेर पालाशयुक्त खत द्या, उदाहरणार्थ सल्फेट ऑफ पोटॅश, पाकिटावरच्या प्रमाणात. गेल्या वर्षी छाटणी कधी केली ते आठवा. आणि डिसेंबरमध्ये दुपारी बारा वाजता वेलीखाली उभं राहून पाहा. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असताना उन्हात असलेली जागा थंडीत, सूर्य दक्षिणेला कलल्यावर, फणसाच्या किंवा शेजारच्या घराच्या सावलीत गेलेली असते, आणि नेमके तेव्हाच तुरे ठरत असतात. फणसाची एखादी आडवी फांदी उतरवली तरी पुढच्या बहरात फरक दिसतो. सावली घराची असेल तर वेल हलवू नका, जुनी पेट्रिया हलवलेली सोसत नाही. पावसाळ्यात तिच्या पेन्सिलएवढ्या जाड फांदीला गुटी बांधा: इंचभर साल गोल काढा, ओलं शेवाळ लावा, वर प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं घट्ट बांधा. दोन-तीन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली की फांदी खालून कापून पिशवीत लावा, सावलीत सांभाळा, आणि पुढच्या श्रावणात उन्हाच्या जागी नवीन वेल लावा.